ढवळाढवळ न करण्याचा सीझन

३ मे, शनिवार. सकाळी ८.४०
नीलची पहिली मॅच वीस मिनिटांत. नोंद असावी म्हणून लिहितो. आमचा एकुलता एक नील, वय बावीस, मेकॅनिकलची डिग्री खिशात टाकून अमेरिकेतून थेट आइसलँडच्या एका खेड्यात फुटबॉल खेळायला गेलाय. चौथ्या डिव्हिजनमध्ये. क्लबचं नाव लांबलचक, माझ्या जिभेला झेपत नाही, म्हणून मी त्याला ‘वाडी’ म्हणतो. पंचवीस ऑगस्टला त्याचं एम.एस. सुरू होतंय. तो म्हणतो, सीझन सप्टेंबरपर्यंत आहे, युनिव्हर्सिटी जानेवारीत सुरू करू देते, बघू. मी म्हटलं, बघ की. ऑगस्टमध्ये येईलच. माझा मुलगा आहे.
संकल्प: अजिबात ढवळाढवळ करायची नाही.

११.१०
जिंकलो! २-१. खांबावर एकच कॅमेरा, वाऱ्याने गदागदा हलतो, तरी सहा नंबरचा नील स्वच्छ दिसला. पहिला गोल झाला तेव्हा माझी बायको उत्तरा झारा घेऊन दारात उभी होती. मॅच संपेपर्यंत तिला तिथून हलू दिलं नाही. पोहे करपले. तिने तोंड वाकडं केलं, पण वाडीला तीन पॉइंट मिळाले.

१० मे, शनिवार
मॅचच्या आधी फोन करायचा नाही असं ठरवलं होतं. केला, पण दोनच मिनिटं. म्हटलं, लांबून गोलवर मारत जा. तो म्हणाला, बाबा, माझं काम बचावाच्या पुढे उभं राहून बॉल अडवणं आहे. म्हटलं, माहितीये मला. हरलो. वारा फार होता.

२४ मे
नील सकाळी गावातल्या मासळीच्या कारखान्यात काम करतो. त्याबद्दल क्लब खोली देतो. उत्तराच्या डोळ्यांत पाणी आलं. मग नीलने रबरी एप्रनमधला फोटो पाठवला तेव्हा हसत सुटली. बायकांचं काही कळत नाही. इथल्या मराठी मंडळात मित्र प्रतापने विचारलं, तेव्हा प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्ट म्हणून सांगितलं. सोबत फूड प्रोसेसिंगमध्ये एक्स्पोजर.

१४ जून. दुपार
सलग तीन जिंकलो. बारा टीम्समध्ये चौथे. कोचने नीलला एका मॅचपुरता कॅप्टन केला. उत्तराने शिरा केला.
जेवताना नीलचा फोन आला. जानेवारीचं पक्कं करतोय म्हणाला. पक्कं! जानेवारीत एम.एस. कोण सुरू करतं? प्रतापच्या मुलाने असंच एक सेमिस्टर पुढे ढकललं, आता फ्रीमाँटमध्ये स्टार्टअप करतोय, म्हणजे काहीच करत नाही. मी शांतपणे व्हेरी गुड म्हटलं.

१५ जून, रविवार
विचारांती एक छोटी गोष्ट केली. ही ढवळाढवळ नव्हे.
कोच थॉर्केल दिवसा शाळेत गणित शिकवतो. म्हणजे मास्तरच. मास्तरांशी परस्पर कसं बोलायचं हे मला ठाऊक आहे. माझ्या दहावीनंतर बाबा असेच देवधर सरांना जाऊन भेटले होते, म्हणून तर मी सायन्सला गेलो. मला कॉमर्सला जायचं होतं, तो मुद्दा वेगळा.
ईमेल लिहिला. अत्यंत अदबीने. नीलला पंधरा ऑगस्टला परत यावंच लागेल, त्याप्रमाणे आपण नियोजन करावं. तो आपलाच मुलगा समजावा, कान धरायचा असेल तर धरावा. मी लिहिल्याचं मात्र त्याला कळू देऊ नये.
तासाभरात उत्तर आलं. थँक यू, मला समजलं. किती भला माणूस!

२१ जून
नील बेंचवर. ऐंशीव्या मिनिटाला आत आला. हरलो. विश्रांती दिली असणार.

२८ जून
पुन्हा बेंच. सहा नंबरवर कोणी तरी डॅनिश पोरगा. धावतो बरा, पण डोकं नाही. हरलो. हे राजकारण आहे. आपल्या मुलांना कुठेही गेलं तरी हेच भोगावं लागतं. उत्तराने विचारलं, तू नीलला काही बोललास का? नाही म्हटलं. नीलला बोललेलो नाहीच.

१२ जुलै, शनिवार
चौथी मॅच बेंचवर. दहाव्या नंबरला आलो. शेवटचे दोन खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलले जातात.
संध्याकाळी नीलने फोन केला. मला. आईला नाही. आवाज बारीक झाला होता. म्हणाला, कोच नीट बोलत नाही, कारण विचारलं तर तुला माहीत आहे म्हणतो. मला काहीच माहीत नाही. बाबा, तू सगळ्या मॅचेस बघतोस, माझं काय चुकतंय?
त्याने खेळातलं मला आजवर काही विचारलेलं नाही. पंचवीस मिनिटं समजावलं. म्हटलं, तुझे पास लांब जातात, छोटे पास दे, बॉल पायापासून लांब सोडू नकोस. हो हो करत होता. मागे पेनचा आवाज येत होता. लिहून घेत होता!
फोन ठेवल्यावर छातीत जरा जड वाटलं. जेवण उशिरा झालं असेल.

१३ जुलै
मुद्दा स्पष्ट करून ठेवतो. माझं पत्र आणि नीलचं बेंच यांचा संबंध नाही. पत्र पंधरा जूनचं, बेंच एकवीसचं. मध्ये सहा दिवस गेले.

२६ जुलै
अकरावे. नील मॅचनंतर रिकाम्या मैदानावर एकटाच भिंतीवर बॉल मारत होता. कॅमेरा बंद करायचं विसरले होते. मी वीस मिनिटं बघत बसलो. छोटे छोटे पास.
चौदा ऑगस्टचं तिकीट काढून ठेवलं. एकदा खेळवत नाहीत म्हटल्यावर तिथे थांबून करणार काय? सगळं आपोआप जमून येतंय. तसा आनंद मात्र होत नाहीये.

९ ऑगस्ट
तिकिटाचं सांगितलं. नील म्हणाला, मी येत नाहीये. बेंच तर बेंच, टीम बुडत असताना सोडून जाणार नाही.
आता आली का पंचाईत! एम.एस.ही नाही आणि खेळही नाही. तडक थॉर्केलला लिहिलं: नील सप्टेंबरअखेर उपलब्ध आहे, कृपया त्याला खेळवावे. आधीचे पत्र रद्द समजावे.

१० ऑगस्ट, रविवार
उत्तर आलं. आधी तुम्ही म्हणालात तो जाणार आणि त्याला सांगू नका. म्हणून मी दुसरा मुलगा आणला. मला वाटलं तोच लपवतोय, राग आला. आता म्हणता तो राहणार. हे तो म्हणतोय की तुम्ही? आमचं गाव तीनशे माणसांचं आहे, इथे असं काही लपवून ठेवता येत नाही. तुमची दोन्ही पत्रं आज त्याला दाखवतो.
इंग्रजी कच्चं आहे बिचाऱ्याचं. सूर नसता कडक वाटतो.

११ ऑगस्ट
नीलला सात फोन केले. उचलला नाही.
उत्तराला त्याने माझं पहिलं पत्र पाठवलं. तिने ते ओट्यापाशी उभं राहून मोठ्याने वाचलं. ‘आपलाच मुलगा समजावा’ पाशी थांबली. म्हणाली, हेम, तो दोन महिने स्वतःला दोष देत होता. मी म्हटलं, माझा हेतू बघ. ती म्हणाली, दूध संपलंय. गाडी काढून गेली, ती दोन तासांनी आली. दुधाशिवाय.

१६ ऑगस्ट
नील पहिल्यापासून खेळला! जिंकलो, १-०. माझ्या दुसऱ्या पत्राचा परिणाम, पण हे कोणाला सांगणार? उत्तरा वर टीव्हीवर बघते, मी बेसमेंटमध्ये लॅपटॉपवर. तिचं स्ट्रीमिंग माझ्यापेक्षा थोडं पुढे असतं. गोल मला आधी वरून ऐकू येतो.

३० ऑगस्ट
मंडळाचा गणपती आणि मॅच एकाच वेळी. शाळेच्या हॉलमध्ये आरती चालू असताना मी बाहेर पार्किंग लॉटमध्ये गाडीत फोन घेऊन बसलो होतो. प्रतापने काचेवर टकटक केलं. कॉल आहे म्हटलं. बरोबरी झाली. नंतर आत जाऊन नवस बोललो: वाडी वाचू दे आणि नील माझ्याशी बोलू दे. दोन्ही एकदम मागितलं, दोनदा कशाला त्रास द्यायचा.

१३ सप्टेंबर, शनिवार. ८.५५
शेवटची मॅच. बरोबरी केली तरी वाचतो. हरलो तर खाली.

९.३२
गेलं! ०-१. नीलच्या पायातून बॉल गेला.

१०.१४
१-१!! वरून उत्तराची किंकाळी, मग मला गोल. कोणी मारला दिसलं नाही, पाऊस आडवा आहे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा होतो. इथून हलणार नाही.

१०.४६
सहा मिनिटं जास्तीची दिली. सहा! रेफरीला घड्याळ कळतं की नाही? त्यांचा कॉर्नर. पुन्हा कॉर्नर.

१०.५१
किपर पडला, गोल मोकळा, आणि नीलने लाइनवर आडवं होऊन छातीने बॉल अडवला. उठत नव्हता. मी पायरी सोडून वर धावलो. उत्तरा टीव्हीपुढे हात जोडून उभी. मग तो उठला. शिट्टी वाजली.
वाचलो.
अख्खं गाव मैदानात उतरलं. थॉर्केलने त्याला उचलून घेतलं. उत्तरा रडत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने काढला नाही, एवढं नोंदवतो.

१७ सप्टेंबर, बुधवार. दुपारी १२.४०, ऑफिस
नीलचा फोन! मीटिंगमधून उठून कॉरिडॉरमध्ये गेलो.
आधी मीच बोललो. अभिनंदन, जानेवारीचं बुकिंग मी करतो, तुझी खोली रंगवून घेतलीये. तो म्हणाला, बाबा, थांब. जानेवारीची सीट मी सोडली. वाडीबरोबर दोन वर्षांचं साइन केलं.
म्हटलं, पण तू तर जानेवारीत येणार होतास. म्हणाला, हो, येणारच होतो. पण बेंचवर होतो तेव्हा वेळ खूप होता, म्हणून कोचने गावातल्या लहान पोरांची टीम शिकवायला दिली. ते मला आवडायला लागलं. आता क्लब त्यासाठीच ठेवतोय.
मी भिंतीला टेकलो.
मग त्याने विचारलं, जुलैमध्ये मी तुला विचारलं होतं, माझं काय चुकतंय. तेव्हा तुला माहीत होतं?
लाइन खराब आहे, ऐकू येत नाही, असं तोंडावर आलं होतं. पण लाइन इतकी चांगली होती की त्याच्यामागे पोरं खेळताना ऐकू येत होती. मी हो म्हटलं.
तो म्हणाला, ते छोटे पास मी पाच आठवडे प्रॅक्टिस केले, बाबा. रोज.
पोरं बोलावतायत, म्हणाला, आणि फोन ठेवला. तीन मिनिटं चाळीस सेकंद.
मीटिंगमध्ये परत जाऊन बसलो. कोणी तरी मला काही तरी विचारलं, ते पुन्हा विचारा म्हटलं.