दोघींत एक पुस्तक

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. प्रेमाने नव्हे. आज मी एका बाईला माझ्या वर्गातून परत पाठवलं, आणि तेव्हा माझ्या तोंडून तुमचाच आवाज निघाला, त्याचा राग आलाय.

इथे टोरांटोत मी शनिवार-रविवार मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. वाचनालयाच्या तळघरातली एक खोली, बारा खुर्च्या. माणसं येतात पंचवीस-तीस, म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाला चार ओळी वाचायला लावते आणि निवडते. आजची बाई पन्नाशीची, इस्पितळात फरशी पुसणारी. नातवाच्या शाळेतून चिठ्ठ्या येतात, त्या तिला स्वतःला वाचायच्या होत्या. दुसऱ्याच ओळीला ती अडखळली. मी म्हटलं, पुढच्या वर्षी या. मग घरी वाचायला पुस्तक तरी द्या, म्हणाली. मी म्हटलं, पुस्तकं वर्गातल्यांसाठी आहेत. कपाटात सात पुस्तकं नुसती पडून होती. ती माझे आभार मानून गेली.

निवडायला तुम्हीच शिकवलंत. ओटीवर बसून तुम्ही आंबे पारखायचात; पेटीत जाणारा इकडे, डागी तिकडे, आणि डागी तेवढे घरच्यांनी खायचे. त्या मे महिन्यात तुम्ही आम्हा दोघींनाही तसंच समोर बसवलंत. ताई माझ्याहून वर्षाने मोठी, पण तापात तिचं एक वर्ष बुडालेलं, म्हणून सातवी आम्ही एकदमच झालो. पुढची शाळा रत्नागिरीत. आत्याकडे जागा एकीलाच, आणि आई अंथरुणाला खिळलेली, तेव्हा एक घरी हवीच. "आठ दिस देतो," तुम्ही म्हणालात, "जी इंग्रजीचा धडा घडाघडा वाचील ती जाईल." मी आगाऊपणे विचारलं, तुम्हाला कुठे इंग्रजी येतं? "मला येत नाय. पण कोण अडखळतंय ता कळतंय. आंब्याच्या आत तरी कुठं शिरून बघतो मी?"

ताई अडखळली. तुम्ही तिला पान पुरं करू दिलं नाहीत. "ही ऱ्हवेल घरात. बारकी जाईल." ती उठून आईची पेज टाकायला आत गेली. तुम्ही मला पेटीतला आंबा काढून दिलात, जन्मात पहिल्यांदा. मी तो चुलीपाशी बसून, ताईच्या देखत खाल्ला. कोयही चोखून काढली.

तिने आईचं केलं, मग तुमचं केलं. तुम्ही गेलात तो शनिवार होता. मी फोन ठेवला आणि वर्ग घ्यायला गेले. रडू आलं नाही, खोटं कशाला सांगू? तेव्हापासून ज्याला त्याला सांगत आले, बापाने माझ्या बहिणीचं मातेरं केलं. लोक हळहळतात. मेलेल्या माणसाला शिव्या घालणं सोपं असतं, तो उलटून बोलत नाही.

पण आमच्या दोघींत पुस्तक एकच होतं, अण्णा. ते त्या आठ दिवसांत हरवलं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. ताईने घर पालथं घातलं. "तू बघितलंस काय गो?" मी नाही म्हटलं. पुस्तक अढीत होतं, पिकायला घातलेल्या आंब्यांखाली, पेंढ्यात. ती आईचं अंग पुसत असायची तेव्हा मी ते काढून वाचायचे. आठव्या दिवशी, सापडलं असं ताईला सांगून, मीच ते तुमच्यासमोर आणून ठेवलं. ताईने उघडलं, तर पानापानाला पिकल्या आंब्याचा वास. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. तुमच्याकडे बघून काही बोलली असती तर मी मेले असते. ती खाली मान घालून वाचायला लागली.

आजच्या त्या बाईला पुढच्या शनिवारी बोलावून घेते, असं इथे लिहिणार होते. पण परत पाठवलेल्यांची नावं मी लिहून घेत नाही.

हे पत्र पाठवायचं तर घराच्याच पत्त्यावर जाणार, आणि त्या घरात आता ताई एकटी आहे. तीच ते उघडेल. मराठी ती कुठेही न अडखळता वाचते.