राणीचे किलोमीटर

३ फेब्रुवारी २०२५, कोरेगाव

माफ कर, डायरी. दिवाळीनंतर तुझ्यात एक अक्षर नाही. लिहायला बसलं की खरं लिहावं लागतं, आणि तीन महिने मी जे करते आहे त्याची लाज वाटत होती.

काय करते? सकाळी डोळे उघडले की देवाच्या आधी राणीचे किलोमीटर बघते.

भाऊबीजेला माहेरी जमलो तेव्हा तिनंच हा पावलं मोजणारा पट्टा माझ्या मनगटात अडकवला. फोनमध्ये ॲप टाकून दिलं, त्यात आम्हा दोघी बहिणींचा गट केला. "अक्का, तू कोरेगावात चाल, मी सांगलीत. जोडीनं चालल्यासारखं वाटंल!" चालायला मला डॉक्टरांनी सांगितलंय, साखर काठावर आहे म्हणून. तिला कुणी सांगितलंय?

आज मी ३.४ किलोमीटर. एका किलोमीटरला चौदा मिनिटं. १९० कॅलरी, म्हणजे दीड भाकरी.

राणी ११.२. एका किलोमीटरला दहा मिनिटं.

अकरा!

६ फेब्रुवारी

कालव्याच्या कडेनं गेले. हात जोरात हलवले की वेग वाढतो असं ऐकलं होतं, म्हणून हलवले. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला वाटलं मी थांबायची खूण करतेय. थांबला बिचारा. "काय झालं मॅडम?" काय सांगणार!

हे अंगणात दात घासत होते. म्हणाले, "चालाय जातीस का कुणाच्या मागं लागाय?"

खरं बोलले. राग म्हणूनच आला.

मी दोन वर्षांनी मोठी, दहा किलोंनी जड, शिक्षणात पुढं, पगार माझा. आणि तरी लहानपणापासून घरात कुणी आलं की पहिलं विचारायचं, "राणी कुठाय?" आता सांगलीत हळदीच्या व्यापाऱ्याचं घर, स्वयंपाकाला बाई, दाराशी गाडी. दिवसातून तीनदा चालायला जाते – पहाटे, अकरा वाजता, परत पाचला. अकरा वाजता! त्या वेळी मी बारावीच्या वर्गात नकाशावर नद्या दाखवत असते. वेळ असला की कुणीही चालेल.

हे लिहून बरं वाटलं. बरं वाटलं हे वाईट.

७ फेब्रुवारी

मी ३.८. ती १३.१.

९ फेब्रुवारी

ऊस तुटून गेलेल्या रानात ह्यांनी चार-सहा दिवस मेंढरं बसवलीत, लेंडीखतासाठी. जतकडचं बिऱ्हाड आहे. हरणाबाई, तिचा नवरा सिद्धू, दीडशे मेंढरं, दोन घोडी. हरणाबाई साठीची असेल. काडीसारखी. सकाळी चहा द्यायला गेले तर मेंढरं घेऊन निघालीच होती. दिवस मावळताना परत दिसली. तीच चाल! ना दम, ना घाम.

विचारलं, "मावशी, दिवसाला किती चालता?"

"मेंढरं न्हेत्याल तितकं."

घरी येऊन राणीचे आकडे बघितले. १२.७. आणि एक विचार आला. तो इथं लिहीत नाही.

११ फेब्रुवारी

लिहिते. केलंच.

सकाळी पट्टा हरणाबाईच्या हातात बांधला. म्हणाले, तुमचं चालणं किती होतं ते बघायचंय. हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

तिनं मनगट उलटसुलट करून बघितलं. "ही काय बांगडी म्हनायची का घड्याळ?"

"किती पावलं टाकली ते मोजतं हे."

"मेंढरं मोजत्यात बाई. पावलं कोन मोजतंय? मोजून काय चाललेलं माघारी येतंय व्हय?"

सिद्धू पलीकडून ओरडला, "आवं मास्तरीणबाई, तिची जीब किती चालती त्ये मोजतंय का बगा!"

"तुज्या घोडीला बांध जा," असं म्हणून ती निघालीसुद्धा.

संध्याकाळी पट्टा परत घेतला, फोनजवळ धरला. १९.६ किलोमीटर. १,०४० कॅलरी. आता ॲपमध्ये वजन माझं, सत्तर किलो. हरणाबाई पंचेचाळीसच्या वर नसेल. म्हणजे कॅलरी तर दीडपट खोट्या – तिचे पाय, माझी चरबी.

आणि वर नाव कुणाचं? माझं. राणीच्या वर. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आणि हसले. आमटी उतू गेली.

१२ फेब्रुवारी

२२.३. राणी १०.४.

पट्टा सोडताना हरणाबाई तक्रार करत होती. "दुपारच्याला मनगटावर थरारलं की वं! मला वाटलं इंचू. हात असा झाडला, काखंतलं कोकरू उडून पडलं." दहा हजार पावलं झाली की शाबासकी म्हणून तो थरथरतो. समजावून सांगितलं. तिला पटलं नाही. "शाबासकी हाय तर त्वांडानं द्यावी. चावतंय कशाला?"

ॲपवर राणीकडून येणारा नेहमीचा टाळ्या वाजवणारा हात आज आला नाही. मी ३.४ चालले तरी तो यायचा! आज नाही. म्हणजे झोंबलं.

झोंबू दे.

१३ फेब्रुवारी

बारावीच्या परीक्षेवर पर्यवेक्षण. एका मुलीच्या रुमालात चिठ्ठी सापडली. डोळ्यांत पाणी आणून म्हणते कशी, "मॅडम, मी बघितली नव्हती, नुसती जवळ होती." मी चिठ्ठी काढून घेतली, दोन शब्द सुनावले. प्रामाणिकपणावर. माझ्याच तोंडानं!

माझं मनगट तेव्हा रिकामं होतं. पट्टा कालव्यापलीकडं मेंढरांमागं चालला होता.

वर्गातून बाहेर आल्यावर ठरवलं की आज शेवटचं. मग संध्याकाळी आकडा बघितला – २४.१. आज शेवटचं म्हटलंय, आज पुसायचं म्हटलेलं नाही. बघ कशी वकिली करते मी.

१४ फेब्रुवारी

पहाटेच बिऱ्हाड हललं. हरणाबाईनं पट्टा काल मला परत करताना आपल्या लुगड्याच्या पदरानं पुसून दिला होता. तिच्या चालण्यावर मी काय केलं हे तिला कधी कळणार नाही. कळलं असतं तरी हसली असती बहुतेक.

आज माझं मीच चालले. ३.६. यादीत राणी वर. राणीकडून अजून काही नाही.

१५ फेब्रुवारी

राणीचा फोन आला. मी तयारीतच होते.

"अक्का, चोवीस किलोमीटर?"

"हो."

"एका दिवसात?"

"हो. सुट्टी होती." (नव्हती!)

मग हळूच, "घरी सगळं ठीक हाय ना गं? भावजी बरे हायत ना?"

मला इतका राग आला! एकदा मी पुढं गेले तर लगेच माझ्या घरात काहीतरी बिघडलंय? म्हणाले, "तू चालतीस तेव्हा तब्येत, आणि मी चालले की घरात भानगड का?"

"तसं न्हाई अक्का. पर इतकं कुणी उगाच चालत न्हाई."

"मी चालते." ठेवला फोन.

जिंकले. जेवताना ह्यांनी विचारलं, "गप का?" जिंकलेल्या माणसानं काय बोलायचं असतं ते आठवेना.

१६ फेब्रुवारी

सकाळी राणीचा आवाजी निरोप. चार मिनिटांचा. दोनदा ऐकला.

"रागवू नको अक्का. तुझा आकडा बघून मला वाटलं, तुझंबी माझ्यासारखंच झालं. गणपतीपासनं माझ्याशी ह्या घरात कुणी बोलत न्हाई. ताट वाढून ठेवत्यात, पर बोलत न्हाईत. काय चुकलं विचारलं तर हे उठून जात्यात. ॲपमधली बाई एकेक किलोमीटर झाला की बोलती ना, 'छान, एक किलोमीटर पूर्ण' – तेवढं ऐकाय मी चालते. घरी आलं की बंद होती ती. म्हणून परत बाहेर पडते."

तीन महिने मी रोज हे आकडे वाचत होते. रोज. न चुकता.

तिला अजून सांगितलेलं नाही की ते चोवीस माझे नव्हते. फोनवर सांगणार नाही.

उद्या – परीक्षेच्या कामातून रजा काढून पहिल्या एस.टी.नं सांगलीला जाऊन राणीला घेऊन येणे.