यात मासे नाहीत ना?

प्रिय चारुता,

सिसिलीहून परवा शुगर लँडला घरी पोचलो. दार उघडलं की भट्टीपुढे उभं राहिल्यासारखं होतंय. बॅगा हॉलमध्ये तशाच पडल्यात आणि तुझे सासरे, अजून हाच शब्द हाताशी येतो बघ, सोफ्यावर खुशाल घोरताहेत.

सिराक्यूज तू सांगायचीस तसंच निघालं. ही सहल तूच आखली होतीस, तुम्ही दोघं वेगळे व्हायच्या आधी. अमेयने सगळं तुझ्याच बेताप्रमाणे दाखवलं, तुझं नाव मात्र घेतलं नाही. तिथलं मोठं चर्च म्हणजे मुळात ग्रीकांचं देऊळ. खांबांच्या मधे भिंती बांधून त्याचं चर्च केलं, पण खांब कोणी काढले नाहीत. एका खांबाला हात लावून मी बराच वेळ उभी होते. तुझ्या रुहीची तर चंगळ होती. सकाळी नाश्त्याला बदामाचा बर्फ आणि सोबत गोड पाव! असले लाड तू चालवून घेतले नसतेस.

एका दुपारी बाजारातल्या खानावळीत पास्ता मागवला. वर भाजलेल्या पावाचा चुरा भुरभुरलेला, दिसायला अगदी शाकाहारी. मी वेटरला विचारलं, यात मासे नाहीत ना? आमच्या मासेखाऊ घरात तू आलीस तेव्हापासून हॉटेलात हा प्रश्न माझाच. बारीक मासे विरघळवलेत म्हणाला, तर मी ताटली परत न्यायला सांगितली. मग लक्षात आलं, की टेबलावर सगळे मासे खाणारेच आहेत. हे चष्मा पुसत बसले, अमेय उठून बाहेर गेला. मला रडू आवरेना. रुहीला सांगितलं, तिखट लागलं गं. त्या पास्त्यात मिरचीचा मागमूसही नव्हता. पोरीने पाण्याचा ग्लास पुढे केला.

शेवटच्या संध्याकाळी समुद्राच्या कठड्यावर बसून अमेयने मला सांगितलं, की डिसेंबरात तो लग्न करतोय. उर्वी नाव तिचं. चांगली मुलगी आहे. रुहीला तो पुढच्या आठवड्यात सांगेल आणि ती पहिला फोन तुलाच करेल. तेव्हा तुझ्यावर हे एकदम कोसळू नये, म्हणून हे पत्र. फोनवर तुझा आवाज ऐकून मला जमलं नसतं. लग्नात मी मिरवेन, पोटचा पोर आहे. पण येणाऱ्या मुलीला सारखं तुझ्या मापाने मोजायला नको, म्हणून आपला रोजचा फोन आता मी बंद करते आहे. फार जड जाईल मला, लपवत नाही. तुला कधी वाटलं तर तू कर. फक्त मला काकू म्हणू नकोस.

तुझीच,
आई