ताटाला आलेलं उत्तर

२ फेब्रुवारी, रविवार
ठरलं. आकाशगंगेत आपल्याशिवाय आणखी कुणी हुशार आहे, हे या महिन्यात सिद्ध करणार. २८ला कॉलेजात विज्ञान दिन. फिजिक्सचे राजदीप सर म्हणाले, काका, पुरावा दाखवा, स्टेजवर पाच मिनिटं तुमची. एकतीस वर्षं मी तिथे लॅब अटेंडंट. माइक हातात आला तो फक्त "हॅलो, हॅलो, माइक चेक" एवढ्यापुरता. मागच्या ओळीतून कुणी हात वर केला, की आवाज पोहोचला समजायचं आणि खाली उतरायचं. मे महिन्यात रिटायर. आता नाही तर कधीच नाही.
छतावरची बंद पडलेली डिश आभाळाकडे वळवली, वायर बाबांच्या रेडिओला जोडली. नुसती खरखर.
दुपारी शेजारच्या ठमाबाईला झटका मशीन बसवून दिलं. हरभऱ्यात रानडुकरं शिरतात, म्हणून शेताभोवती सोलरवर चालणारी करंटची तार. अर्थिंगची सळई उद्या गाडू म्हटलं. मोठ्या कामात अशी किरकोळ कामं मध्ये येतातच.

३ फेब्रुवारी, संध्या. ६.२०
सापडलं. रेडिओवर टक, टक, टक. कॉलेजचं स्टॉपवॉच लावलं. मिनिटाला पन्नास. एक कमी नाही, एक जास्त नाही. निसर्गाला इतकी शिस्त नसते. हर्षाला बोलावून ऐकवलं. म्हणाली, घड्याळ घुसलं असन त्यात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण बाईला विज्ञानाची गोडी लागली नाही.

६ फेब्रुवारी
सिग्नल संध्याकाळी सहाला सुरू, सकाळी सहाला बंद. म्हणजे त्यांच्याकडेही शिफ्ट आहे. सुधारलेले लोक दिसतात. काल मात्र साडेसातला आला. हर्षा सांगत होती, ठमाबाई धानोऱ्याच्या बाजारातून उशिरा आली, थे सळई कधी ठोकून देता तिले. मी प्रकाशवर्षांत गुंतलो होतो. लक्ष दिलं नाही.

९ फेब्रुवारी, संध्या. ६.४०
उत्तर पाठवलं. ट्रान्समीटर नाही म्हणून अडून बसणारा मी नाही. डिशसमोर स्टीलचं ताट धरून चमच्याने वाजवलं. आधी तीन, मग पाच, मग सात. चार मिनिटांत सिग्नल बंद. ऐकू गेलं त्यांना. विचार करत असतील.
गावात थोडी पळापळ झाली. दारं लागली. हर्षा खालून ओरडली, भर संध्याकाळी ताट काऊन वाजवून राह्यले, लोकं वाघ आला समजतेत. आपल्याकडे वाघ दिसला की ताट वाजवतात, हे खरं. पण गॅलक्सीला ते कुठे ठाऊक आहे?

१४ फेब्रुवारी
प्रयोग तीनदा केला, तीनदा सिग्नल थांबला. आता लोक दारंही लावत नाहीत. फॉरेस्ट गार्ड येऊन पायाचे ठसे शोधत बसला. मी सांगितलं, विषय वाघाच्या बराच वरचा आहे. त्याने वहीत माझं नाव लिहिलं. लिहू दे. नव्या गोष्टीची नोंद अशीच सुरू होते.
सळई राहिलीच.

२५ फेब्रुवारी
राजदीप सर सव्वासहाला आले. टक, टक चालू. सरांनी स्वतः मोजलं. पन्नास. पुन्हा मोजलं, तरी पन्नास. मग मी ताट वाजवलं. तीन मिनिटांत सिग्नल थांबला. सर खुर्चीतून उठले. मला भरून आलं.
तेवढ्यात ठमाबाई धापा टाकत दारात. हातात विळा. वाघ कुठी हाय, संघपालभाऊ?
सरांनी विचारलं, बाई, तुम्ही काय करत होता? ती म्हणाली, काई नाई जी, ताट वाजलं तशी मशीन बंद केली अन् आली. पळून येणाऱ्या माणसाले तारेचा झटका नाई लागला पाहिजे. हर्षा म्हणाली, बाकी कोणी येत नाई आता, तूच काऊन येतं? ती म्हणाली, एखाद्या दिवशी खरंच असला तं?
सरांनी तिला मशीन चालू करायला पाठवलं. रेडिओवर पुन्हा टक, टक. सरांनी एवढंच विचारलं, काका, तारेचे झटके रेडिओत येतायत, अर्थिंग केलं नव्हतं का? हर्षाने चहा आणला. साखर जास्त होती.

२६ फेब्रुवारी
सळई गाडली. रेडिओवर पुन्हा खरखर.
हरलो? अजिबात नाही. पन्नास पावलांवरची बाई दर वेळी उत्तर देत होती, ते ओळखायला मला सोळा दिवस लागले. आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षं रुंद. तिकडून उत्तर येत नाही, असं कोण छातीठोकपणे सांगणार? स्टेजवर हेच बोलणार. सरांना तसं कळवलं. ते म्हणाले, शब्द दिला आहे, या. भाषण पाठ केलं. चार मिनिटं पन्नास सेकंद.

२८ फेब्रुवारी
सरांनी नाव पुकारलं. श्री. संघपाल, असं. समोर चारशे पोरं. हर्षा ठमाबाईलाही घेऊन आलेली, दोघी शेवटच्या ओळीत. माइक हातात घेतला. भाषण तोंडपाठ होतं. तोंडातून निघालं, हॅलो, हॅलो, माइक चेक.
पुढचं आठवेना. पोरं गप्पा मारत पाहुण्यांची वाट बघत बसली. कुणाला काही वावगं वाटलं नाही.
ठमाबाईने हात वर केला. मी खाली उतरलो.