पहिली भाकर कुणाची

माय,

तुझ्या बाबाचा मला अजून राग येतो. बाबा म्हणजे माझे वडील नव्हेत. ते पोलीस ॲक्शनच्या साली तापानं गेले, तेव्हा मला नीट चालताही येत नव्हतं. तहसिलीत उर्दू लिहिणारे होते एवढंच मला माहीत. रागवावं इतकी आमची ओळखच झाली नाही. मी म्हणते तो तुझ्या चुलीमागच्या भिंतीवरचा, फोटोतला बाबा. काळा झगा, खांद्याला झोळी, अनवाणी पाय, आणि चेहरा असा की जणू याला कधी भूकच लागली नाही. उटनूरच्या वाटेवरच्या त्या मिशनच्या दवाखान्यात तू स्वयंपाकाला लागलीस आणि पहिल्याच नाताळात सिस्टरनं तुला तो फोटो दिला. मोठा संत आहे, समुद्र ओलांडून आला, रोग्यांत राहिला, रोग्यांतच मेला, असं ती तिच्या मोडक्या हिंदीत सांगत होती आणि तू मान डोलवत होतीस. घरी आलीस आणि फोटो सरळ माहूरच्या रेणुकेशेजारी टांगलास. पुरुष देव म्हणून कुंकू नाही, गंध लावलंस. झेंडूचं फूल खोवलंस. आणि तव्यावरची पहिली भाकर, वर पिठल्याचा गोळा ठेवून, त्याच्यापुढं नैवेद्य म्हणून मांडलीस.

पहिली भाकर तोवर माझी होती, माय. पापुद्रा फुगायचा, तू चिमटीनं तो उचलायचीस, आत मीठ-तेल घालून मला द्यायचीस, आणि मी ती या हातातून त्या हातात झेलत खायची. आता मी ताटलीपुढं बसून बघायची की हा बाबा केव्हा खातो. तो खाईना आणि तू मला हात लावू देईनास. एक दिवस सिस्टर स्वयंपाकघरात आली, गंध लावलेला संत आणि त्याच्यापुढं निवालेली भाकर पाहिली आणि पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, ‘‘ये नहीं खाता, बाई. ये खुद भूखा रहता था, अपनी रोटी जो सामने आया उसको देता था. तुम भी दरवाजे पे जो आए, उसको दो.’’ मला वाटलं, सुटले. आता नैवेद्य बंद, भाकर परत माझी. पण तू तिचं बोलणं जसंच्या तसं मनावर घेतलंस. गंधही राहिलं, फूलही राहिलं, आणि पहिली भाकर दारात येणाऱ्याची झाली. बंडीवाला, तापाचा रोगी, तामसीकडून चालत आलेली एखादी म्हातारी, कुणीही. सिस्टरनं हसण्याऐवजी रागवायला पाहिजे होतं.

एकदा श्रावणात नाला भरून वाहत होता, सडक बंद, दवाखान्याचा शिधा घेऊन येणारी गाडी पलीकडंच अडकलेली. पीठ तळाला गेलेलं. त्या दिवशीही तू पहिली भाकर बाजूला काढलीस आणि मी परातीला लाथ मारली. ‘‘पोटच्या पोरीआधी फोटोतला बाबा?’’ तू मला मारलं नाहीस. परात सरळ केलीस, सांडलेलं पीठ चिमटीनं गोळा केलंस आणि म्हणालीस, ‘‘काऊन बोंबलून राह्यली? देव हाय ना. तो पाहून घेते.’’ दुसऱ्या दिवशी पीठ संपलंच. चमत्कार वगैरे काही झाला नाही. आपण कण्या शिजवून खाल्ल्या, त्याही पातळ. मी तोंड वाकडं करून विचारलं, कुठं आहे तुझा देव? तू वाटीकडं बोट दाखवलंस. ‘‘कन्या भेटल्या ना?’’ तुझा विश्वास असा होता, त्याला कुठून पकडावं तेच मला कळायचं नाही. मी आयुष्यभर शाळा शिकवली, पोथ्या वाचल्या, व्याख्यानं ऐकली, आणि कण्यांकडं बघून तसं म्हणणं मला एकदाही जमलं नाही. बाबाच्या आधी मला तुझ्या त्या बोटाचाच हेवा वाटतो.

मग ती आली. उटनूरच्या पलीकडच्या जंगलातल्या गावाहून एक म्हातारा आजा तिला पाठीवर घेऊन आला, दवाखान्याच्या ओट्यावर ठेवून गेला, आणि परत आलाच नाही. डोक्यात खरूज, अंगावर फडकं, बोलणं कुणाला कळेना. तू लिंबाचा पाला उकळून तिचं डोकं धुतलंस. इतक्या हळू हातानं तू माझी वेणी कधी घातली नव्हतीस. पुढं ती आपल्याच खोलीत निजायला लागली, तुझ्या दुसऱ्या कुशीला, आणि बघता बघता तुला माय म्हणायला लागली. तू मला पाटी घेऊन बसवलंस आणि तिला अक्षरं शिकवायला लावलीस. मीच शिकवली. ती चटकन शिकली, त्याचाही मला राग आला.

आणि मग राज्यांचा नकाशा बदलला. किनवट आपल्याच जिल्ह्यातलं. तिथं मामाकडं जायचं म्हणजे शेजारी जाऊन आल्यासारखं. एकाएकी ते दुसऱ्या राज्यात गेलं आणि आपण तेलुगू मुलखात राहिलो. मामा आला. ओट्यावर बसून तुला म्हणाला, ‘‘बाई, इथं आता काई राह्यलं नाई आपलं. हाफिसात तेलुगू, शाळेत तेलुगू. तू चाल, पोरीलेबी घे.’’ मी आनंदानं पेटी भरायला घेतली. तू येणार, मी येणार, आणि ती सिस्टरकडं राहणार, असं मी मनात पक्कं केलं होतं. तू मात्र माझेच परकर घड्या घालून पेटीत भरलेस आणि तुझं लुगडं दोरीवर तसंच राहू दिलंस.

‘‘तू नाई येत?’’

‘‘मी कुठं येऊ? इतके रोगी हायत, त्याईले कोन रांधून घालीन? तू शिक मराठी. मोठी मास्तरीन हो.’’

‘‘मंग तिलेबी पाठव कुठं!’’

‘‘तिचं कोन हाय?’’

‘‘आन माहं?’’

‘‘तुले मामा हाय. देव हाय.’’

गुडीहत्नूरच्या फाट्यावर तू मला बसमध्ये बसवलंस. ती तुझ्या पदराला धरून उभी होती. बस हलली तेव्हा मी तुझ्याकडं पाहिलंच नाही, तिच्या त्या मुठीतल्या पदराकडं पाहत राहिले. जगात आपलं कुणी नसावं, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं. मग तू मलाही ठेवून घेतलं असतंस.

मामाकडं मला कुणी उपाशी ठेवलं नाही. मामीचा हात जरा आखडता होता, पण शेजारच्या काकू मी शाळेतून येताना दिसले की हाक मारून पानावर बसवायच्या. त्या मुळातच मायाळू होत्या. त्यात तुझ्या देवाचा किंवा तुझ्या बाबाचा हात होता, हे मी मान्य करणार नाही. मी तुला पत्रं लिहायची. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून ती वाचून दाखवायची. मीच शिकवलेल्या अक्षरांतून, माझी पत्रं तुझ्यापर्यंत तिच्या तोंडून गेली. पुढं मी खरंच मास्तरीण झाले, ती त्याच दवाखान्यात नर्स झाली, आणि तू गेलीस तेव्हा शेवटचं पाणी तिनं पाजलं. मी पोचले तेव्हा तुझ्या डोक्याला तिनं तेल लावून वेणी घातलेली होती. मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि त्यानंतर इतकी वर्षं तिकडं फिरकलेही नाही.

यंदा आदिलाबादला लग्न होतं. येताना गाडी गुडीहत्नूरला थांबली आणि काय मनात आलं, मी उतरले. ती तिथंच राहते, फाट्याजवळ दोन खोल्यांत. केस पांढरे, गुडघे गेलेले. मला पाहून रडली नाही, हसली नाही, ‘‘बसा अक्का,’’ म्हणाली आणि चुलीपुढं बसली. भिंतीवर तो बाबा, गंध लावलेला. तिनं पहिली भाकर थापली, भाजली, आणि बाजूच्या ताटलीत काढून ठेवली. मला राहवलं नाही.

‘‘अजून बाबाचीच का?’’

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले.

‘‘बाबाची कुठची, अक्का? ते तं तुमची. तुमी गेल्या त्या दिवसापासून तुमच्या नावाची. मी एक डाव मांगतली. माय म्हने, ‘ती मोठीची हाय. ती कोनाच्या तं दारात उभी असन. आपून इथं कोनाले दिली, तं तिथं तिले कोनी देईन.’ आन देऊन टाके मग, जो येईन त्याले. लई राग ये मले तुमचा. मी समोर बसली राहो, आन पयली भाकर तुमची!’’

म्हणजे मी तिकडं किनवटला तिच्यावर जळत होते आणि ती इकडं माझ्यावर. आणि तू दोघींच्या मध्ये बसून भाकरी थापत होतीस, एक शब्द न सांगता! सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं, माय? एकदा बस फाट्यावर उभी असताना खिडकीतून म्हणाली असतीस, तर माझं अर्धं आयुष्य सोपं गेलं असतं.

पण माझं समाधान झालं असं समजू नकोस. मी येताना बसमध्ये पुन्हा पुन्हा विचार केला. पहिली माझी होती खरी, पण खाल्ली कुणी? बंडीवाल्यानं, म्हातारीनं, वाटेवरच्या कुणीही. दुसरी भाकर तिची होती, आणि ती तिनं रोज खाल्ली, गरम, तुझ्या हातची, तुझ्यासमोर बसून. मला अजूनही तिची दुसरीच हवी आहे.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही. तुझी पत्रं वाचणारी तीच एक आहे, आणि एक तरी पत्र फक्त आपल्या दोघींचं असू दे. एवढंच सांगते, आज सकाळी मी भाकरी टाकायला बसले आणि पहिली भाकर तुझ्यासारखी बाजूला काढून ठेवली. दारात कुणी येईल म्हणून थोडा वेळ वाटही पाहिली. मग पापुद्रा उचलला, मीठ-तेल घातलं, आणि कुणी यायच्या आत ती गरम गरम मीच खाऊन टाकली.