यंत्राला विसर पडला त्याची हकिकत

प्रताप नगर, नागपूर
मे १९८८

तीर्थस्वरूप मोठ्या आईस,

सुमतीचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. (डोके सध्या फार तापलेले आहे, तेव्हा पाय जपा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मोठ्या बाबांची दुपारची झोप नियमित चालू असेलच. उमरेडला कैऱ्या उतरल्या असतील तर लोणचे घालताना माझी बरणी वेगळी काढा. इकडे सगळी माणसे खुशाल आहेत. आमचा कॉम्प्युटर तेवढा खुशाल नाही आणि पत्राला उशीर झाला तो त्याच्यापायीच.

आमच्या वधू-वर मंडळाचे चिटणीस नानाजी तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांनी दिवाळीत एका कारखानदाराकडून जुना कॉम्प्युटर मंडळासाठी मागून आणला. त्याला हार घातला, आणि समाजाची सगळी लग्नाळू मुले-मुली मी त्यात भरून होताच अर्जांचे गठ्ठे रद्दीवाल्याला देऊन टाकले. "आता कागद काहून पाह्यजे? मशीन काई विसरत नसते," असे म्हणाले. यंत्राने ते ऐकले असावे. एप्रिल लागला तसे ते मधूनच टीं करून थांबू लागले आणि पडद्यावर मेमरीत चूक आहे असे लिहून दाखवू लागले. मी बंद करून पुन्हा चालू करी. ते पुन्हा चाले, मी पुन्हा काम करी. माणूस विसरला की निदान गप्प बसतो. हे यंत्र विसरले की मनचे काहीतरी भरते, आणि आपण जपून ठेव म्हटले की तेच चुकीचे जपून ठेवते, हे मला फार उशिरा कळले.

नानाजींनी निदान केले की त्याला ऊन लागले. (आपल्याकडे मे महिन्यात यापलीकडे कोणाला काही होत नाही.) त्यांनी वाळ्याचा कूलर थेट यंत्राच्या तोंडावर लावला. त्यामुळे यंत्राला सुवास आला आणि जवळ ठेवलेल्या फ्लॉप्यांना ओल आली. फाइलची एकुलती एक चांगली नक्कल त्यांच्यावरच होती. त्या सुकाव्यात म्हणून नानाजींच्या बायकोने, शामलाबाईंनी, प्रेमाने गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत घातल्या. संध्याकाळी कुरडया उत्तम निघाल्या. फ्लॉप्या पापडासारख्या वळल्या होत्या.

मग कृष्णकांत नावाचे इंजिनिअर आले. गळ्यात टाय, कपाळावर घामाच्या धारा. त्यांनी आधी विजेला दोष दिला आणि एक स्टॅबिलायझर बसवला, मग धुळीला दोष दिला आणि मला रागावले. शेवटी झाकण उघडले. आत मेमरीचे काळे तुकडे असतात, पायवाल्या किड्यांसारखे, आपापल्या खाचेत बसवलेले. दिवसा तापून फुगायचे, रात्री निवून आक्रसायचे, असे करत ते हळूहळू खाचेतून वर उठले होते. त्यांनी अंगठ्याने एकेक दाबला. कट्, कट्. यंत्र शुद्धीवर आले. फाइल मात्र बिघडली ती बिघडलीच. सगळ्या नोंदींतले रकाने सरकले होते. उंचीच्या जागी छंद, पगाराच्या जागी नाडी, आणि एका मुलीचे गोत्र "स्वयंपाक व शिवणकाम".

हे नुसते हसण्यावारी गेले असते, पण याद्या टपालाने आधीच रवाना झाल्या होत्या. मौद्याचे चंपतराव मुलीला, प्रेमिलाला, घेऊन यादीतल्या सत्तावीस वर्षांच्या मुलाकडे गेले, आणि तिथून त्याला घेऊन तरातरा आमच्या कार्यालयात आले. तो मुलगा म्हणजे नत्थूजी. स्वतःच्या मुलासाठी मुलगी पाहायला त्यांनी अर्ज दिला होता.

"बाई, हा तर माह्या बापाच्या वयाचा दिसून राह्यला!" चंपतराव माझ्यावर ओरडले.

"सत्तावीस वर्षं नोकरी केली गा मी," नत्थूजी शांतपणे म्हणाले. "वय कोनी इचारलंच नाही."

नानाजी कूलरमागे पाणी पाहायला गेले ते परत आलेच नाहीत. चंपतरावांचा आवाज मध्येच फुटला. पोरीसाठी किती उंबरे झिजवायचे, म्हणून ते खुर्चीत बसले आणि उपरण्याने तोंड पुसू लागले. प्रेमिला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमी रडू नका वं बाई. नापसंत न होता घरी चालली मी, असं पह्यल्यांदाच झालं." मी रडत आहे हे मला तेव्हाच कळले.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक घरी कार्ड टाकून माहिती नव्याने मागवली. प्रेमिलाही मौद्याहून येऊ लागली. ती उत्तरे वाचून दाखवी, मी भरी. नत्थूजींच्या खऱ्या मुलाचे कार्ड आले तेव्हा तिने ते वाचले, बाजूला ठेवले आणि म्हणाली, "याले मी नाई पाहात. बाप बरा होता." आता नानाजी तिला पगारी ठेवणार आहेत. चंपतराव त्यावर काही बोलत नाहीत, पण बसस्टँडवर सोडायला येतात. फाइल जवळजवळ नीट झाली आहे, आणि मी रोज सकाळी झाकण उघडून ते काळे तुकडे दाबते.

मोठ्या बाबांना नमस्कार.

आपली,
सुमती

ता. क. मोठे बाबा कितीतरी अर्जांवर ओळख देणारे गृहस्थ होते. रवाना झालेल्या यादीत त्यांचे नाव सरकून वराच्या रकान्यात गेले आहे. रविवारी कळमेश्वरची मंडळी तुमच्याकडे मुलगा पाहायला येतील. मुलगा म्हणजे मोठे बाबा. यादीप्रमाणे ते अविवाहित, निर्व्यसनी असून त्यांना पोहण्याचा छंद आहे. रागावू नका. पोहे करा, आणि मोठ्या बाबांना सदरा घालायला लावा.

आणखी एक. सोबत मुलीचा भाऊ येईल, चंद्रभान. तुमचा पत्ता विचारायला तो कार्यालयात आला होता. मी काम करत होते तेवढा वेळ उन्हातून आलेला माणूस पाणीसुद्धा न मागता उभा राहिला. त्याची नोंद मी स्वतः पुन्हा पुन्हा तपासली, तीत काही बिघाड नाही. तरी तुम्ही जरा नीट पाहून घ्या. यादी चुकली हे मला त्याला तिथल्या तिथे सांगता आले असते. पण मग तो उमरेडला कशाला आला असता?