खाकी कागदाखालचं पान

अहो,

ड्यूटीवरून आलात की जेवून घ्या. वरण गरम करा, भाकऱ्या डब्यात आहेत. मी आणि किर्ती लायब्ररीत गेलोय, तिच्या पुस्तकाचा दुसरा भाग आणायला.

हो, त्याच पुस्तकाचा. त्यातल्या एका पानावर तुम्ही वह्यांच्या कव्हरचा खाकी कागद चिकटवलात, आणि ना पोरीला काही बोललात, ना मला विचारलंत. इडल्या लावल्या होत्या, त्या वाफेवर धरून मी तो सोडवला.

उल्हासनगरहून तुम्ही आणलेलं बोधकथांचं पुस्तक शेजारच्या छोटूला दिलं. त्यातली पोरं पहाटे उठतात, मोठ्यांच्या पाया पडतात आणि शेवटी तात्पर्य सांगतात. किर्तीला आता तेरावं लागलंय. तिच्या वर्गात जे चाललंय त्याला त्यातलं एकही तात्पर्य पुरणार नाही. तिच्या वयाच्या पुस्तकात तिच्या वयाच्या भानगडी असणारच. त्या बाहेरून कानावर येण्यापेक्षा तिनं घरात बसून वाचलेल्या बऱ्या. यापुढे तिची पुस्तकं तीच निवडणार. तुम्हाला राग आला तर माझ्यावर काढा, तिला काही बोलायचं नाही.

ते पान उघडून टेबलावर ठेवलंय. 'त्याने मला गुपचूप चिठ्ठी दिली,' एवढी पहिली ओळ वाचून तुम्ही डिंक घेऊन बसलात. आता खालचंही वाचा. ती मुलगी चिठ्ठी घेऊन तडक घरी जाते आणि सगळ्यात आधी बापाला दाखवते.

भावना